मिशिगनची मॅच बघायला अ‍ॅन आर्बरला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट उजाडला की मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलच्या मॅचबद्दल माझ्या फोनवर त्याच त्या प्रश्नांची रांग लागते. शिकागोचा मावसभाऊ विचारतो, न्यू जर्सीची मैत्रीण विचारते, मुलाला हॉस्टेलवर सोडायला पुण्याहून आलेले आईबाबा विचारतात. गेली कित्येक वर्षं या गावात राहते आहे, पाहुण्यांना घेऊन स्टेडियमच्या वाऱ्या केल्या आहेत, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून ठेवावं. एक मात्र आधीच सांगते. फक्त मॅचचे साडेतीन-चार तास हाताशी ठेवून येणार असाल तर टीव्हीवर बघा, जास्त छान दिसते. यायचं तर अख्खा दिवस काढून या, आणि जमलं तर आदली संध्याकाळही.

एका कॉलेजची मॅच ती काय, त्यासाठी एवढा प्रवास कशाला करायचा?

आकडेच सांगते. मिशिगन स्टेडियमची अधिकृत क्षमता १,०७,६०१ आहे. वानखेडेत साधारण ३३ हजार माणसं मावतात, म्हणजे तीन वानखेडे भरूनही इथे माणसं उरतील. आणि अ‍ॅन आर्बरची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत होती १,२३,८५१. थोडक्यात, शरदातल्या सात-आठ शनिवारी गावाएवढंच दुसरं गाव इथे येऊन बसतं आणि संध्याकाळी उठून जातं. आपल्याकडे यात्रेच्या दिवशी लहानशा गावाचं जे होतं, तेच. १९७५ च्या नोव्हेंबरपासून इथे एकाही घरच्या मॅचला लाखाच्या आत प्रेक्षक नव्हते. अपवाद फक्त २०२० च्या कोविडच्या मोसमाचा. गर्दीचा उच्चांक ७ सप्टेंबर २०१३ चा, नोत्र दामविरुद्धच्या रात्रीच्या मॅचचा: १,१५,१०९.

खेळणारी मुलं मात्र कॉलेजचीच. वीस-एकवीस वर्षांची. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये गाजलेला टॉम ब्रेडी नव्वदच्या दशकात इथेच खेळला. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड १९३२ आणि १९३३ च्या राष्ट्रीय विजेत्या संघांत होते.

मला हा फुटबॉल कळत नाही. कंटाळा येईल का?

कबड्डी कळते ना? मग पुरे. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांनी चार चढायांमध्ये दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा नव्याने चार चढाया मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. टोकाची रेषा ओलांडली की सहा गुण, त्यावर लाथेने एक जास्तीचा. लांबून चेंडू दांड्यांमधून मारला तर तीन. एवढ्यावर तुम्ही पहिला अर्धा भाग निभावून न्याल.

तिसऱ्या चढाईकडे लक्ष ठेवा. समोरच्या संघाची तिसरी चढाई आली की लोक खिशातून किल्ल्या काढून खुळखुळवतात, आरडाओरडा करतात. त्या गोंगाटात समोरच्यांना एकमेकांच्या सूचना ऐकू येऊ नयेत हा हेतू. तुमच्याही घराच्या किल्ल्या जवळ ठेवा. माझी सासू पहिल्याच मॅचला यात इतकी रमली, की किती गुण झाले हे तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

खेळ घड्याळाप्रमाणे साठ मिनिटांचा, पण जाहिरातींच्या विश्रांती धरून साडेतीन तास सहज जातात. त्या रिकाम्या वेळाचं काय करायचं याची तयारी मनाशी करून या. शेजारच्याशी गप्पा मारा, तेही तेच करत असतात.

कुठली मॅच निवडावी?

पहिल्यांदाच येत असाल तर सप्टेंबरमधली एखादी, लीगबाहेरच्या लहान संघाविरुद्धची. तिकीट स्वस्त, हवा छान, आणि मिशिगन बहुधा जिंकतं. गावही बघून होतं.

मला विचाराल तर मी ऑक्टोबर सांगेन. झाडं पेटल्यासारखी लाल-केशरी झालेली असतात आणि थंडी अजून अंगावर येत नाही. मिनेसोटाविरुद्धची मॅच त्या दिवसांत असली तर तिची गोष्ट माहीत असू द्या. १९०३ मध्ये मिशिगनचे प्रशिक्षक फील्डिंग योस्ट मिनियापोलिसला गेले असताना खेळाडूंच्या पिण्याच्या पाण्यासाठी ३० सेंटला एक घडा विकत घेतला होता. मॅच ६-६ अशी बरोबरीत सुटली, घडा तिथेच राहिला. तेव्हापासून जो जिंकेल त्याचा तो घडा. तीस सेंटच्या मडक्यासाठी शंभरहून जास्त वर्षं भांडण, हे आपल्या भाऊबंदकीच्या तोडीचं आहे.

ओहायो स्टेट हे शेजारच्या राज्यातलं विद्यापीठ, मिशिगनचं जुनं वैरी. त्यांच्याविरुद्धची मॅच हा वेगळाच मामला. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार, थँक्सगिव्हिंगनंतरचा. विषम सालात ती इथे असते, सम सालात त्यांच्या गावी, कोलंबसला. मिशिगन स्टेट या याच राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठाचं उलट, ते सम सालात इथे येतात. या दोन मॅचची तिकिटं महाग, हॉटेलं त्याहून महाग, आणि ओहायोच्या वेळी थंडी हाडात शिरते. नवख्या माणसाने तिथून सुरुवात करू नये असं माझं मत. पण कुणी फुकट तिकीट देत असेल तर माझं ऐकू नका.

तिकीट कुठून काढायचं आणि मॅच किती वाजता सुरू होते?

तिकिटं मोबाइलवरच असतात, कागदाची नाहीत. घरातूनच ती फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून घ्या, कारण लाखभर माणसं एकाच वेळी फोन लावत असताना फाटकापाशी नेटवर्कचा भरवसा धरता येत नाही. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडून घ्या किंवा पुनर्विक्रीच्या नामांकित अ‍ॅपवरून. रस्त्यावर हातात फोन नाचवत तिकीट विकणाऱ्याकडून घेऊ नका. पावसाचा अंदाज असला तर सकाळी भाव उतरतात, हा आमचा गावठी अनुभव.

वेळेचं दुखणं जास्त मोठं. दुपारी १२, साडेतीन किंवा संध्याकाळी साडेसात यांपैकी काय असेल हे टीव्हीवाले ठरवतात, आणि पुष्कळदा जेमतेम बारा दिवस आधी, कधी तर सहाच दिवस आधी. म्हणून शनिवारी रात्रीचं परतीचं विमान ठरवूच नका. रविवारी दुपारचं घ्या.

विमानतळावरून कसं यायचं? गाडी कुठे लावायची?

डेट्रॉइटचा विमानतळ अ‍ॅन आर्बरपासून साधारण ४० किलोमीटरवर आहे. तिथून मिशिगन फ्लायर–एअरराइड ही बस थेट गावात आणते. शिकागोहून अ‍ॅमट्रॅकची वुल्व्हरीन नावाची गाडी आहे, साडेचार तासांच्या आसपास घेते आणि स्टेशन गावातच आहे. डेट्रॉइट शहरात उतरला असाल तर तिथूनही अ‍ॅन आर्बरची थेट बस मिळते.

आता गाडीचं. स्टेडियमसमोर पायोनियर हायस्कूलचं मोठं आवार आहे, पलीकडे गोल्फचं मैदान आहे, दोन्हीकडे पैसे घेऊन गाड्या लावू देतात. आजूबाजूचे लोक तर स्वतःच्या घरापुढच्या हिरवळीवर गाड्या लावून घेतात. पोरं पुठ्ठ्यावर भाव लिहून रस्त्यावर उभी असतात. हिरवळीवर लावणार असाल तर आधी विचारा की मध्येच निघता येईल का, कारण तुमच्यामागे आणखी चार गाड्या लागल्या की शेवटचा मालक येईपर्यंत तुम्ही अडकलात. निवासी गल्लीत ‘इथे काही होत नाही’ म्हणून गाडी सोडू नका. पहिल्या वर्षी मी सोडली होती. मॅचचं तिकीट ज्या भावात पडलं त्याहून जास्त पैसे ती गाडी सोडवून आणायला पडले.

सगळ्यात उत्तम म्हणजे गाडी गावात लावा आणि चालत जा. मेन स्ट्रीटवरून स्टेडियम पंचवीस-तीस मिनिटांवर आहे, रस्ता विचारावा लागत नाही, पिवळ्या-निळ्या गर्दीबरोबर वाहत जायचं. या चालण्यातच निम्मी मॅच आहे.

राहायचं कुठे?

गावात मॅचच्या शनिवारी खोलीचे भाव दुप्पट-तिप्पट होतात आणि बरीच हॉटेलं दोन रात्रींचं बुकिंग मागतात. शेजारच्या इप्सिलांटी, कँटन या गावांत किंवा विमानतळाजवळ बघा. कँटनचा आणखी एक फायदा म्हणजे देऊळ आणि देशी किराणा दोन्ही तिथे आहेत.

टेलगेट म्हणजे नेमकं काय? ओळख नसताना जाता येतं का?

गाडीची मागची डिकी उघडायची, शेगडी मांडायची, खुर्च्या टाकायच्या आणि मॅचच्या आधी चार-चार तास खात-पीत गप्पा मारायच्या. आपली अंगतपंगतच, फक्त शेगडीवर सॉसेज असतात. बारा वाजताची मॅच असली तर सकाळी आठलाच धूर निघायला लागतो. अनोळखी घोळक्यात घुसून ताट मागू नये, पण बाजूने जाताना ‘गो ब्लू’ म्हटलं की पुढच्या मिनिटाला कुणीतरी हातात काहीतरी देतंच. हे दोन शब्द इथे रामराम आणि निरोप या दोन्हींचं काम करतात. मुंबईच्या विमानतळावरही मिशिगनची टोपी घातलेल्या माणसाला म्हणून बघा.

तुम्ही स्वतः टेलगेट करणार असाल तर वडापाव न्या. मी नेते. गरम तेलाची भानगड नको म्हणून वडे घरून तळून आणते आणि लोखंडी तव्यावर परतते. शेजारच्या गाडीवाल्यांनी दुसऱ्या वर्षी आम्हाला शोधत येऊन ‘त्या तिखट बटाट्याचं’ विचारलं होतं.

कपडे कोणते घालावेत?

मक्याचा पिवळा आणि गडद निळा हे मिशिगनचे रंग. अगदी जर्सीच हवी असं नाही. पण लाल घालू नका. लाल म्हणजे ओहायो स्टेट. ओहायोची मॅच नसतानाही लाल घालू नका. हिरवाही टाळा, तो मिशिगन स्टेटचा. माझ्या एका बहिणीचा नवरा नवाकोरा लाल स्वेटर घालून आला होता, त्याला कुणी काही बोललं नाही, पण दिवसभर प्रत्येक माणूस आधी स्वेटरकडे आणि मग त्याच्याकडे सहानुभूतीने बघत होता. हे वेड दोन्हीकडे आहे: या दोघांच्या मॅचच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातल्या पाट्यांवरचं ‘एम’ हे अक्षर लाल पट्टीने खोडलेलं असतं.

बसायला पाठ नसलेली अ‍ॅल्युमिनियमची बाकडी आहेत. नोव्हेंबरात ती बर्फासारखी लागतात. उबदार मोजे, कानटोपी, आणि बसायला काहीतरी जाड. विद्यार्थ्यांच्या भागाजवळ जागा असेल तर बसण्याचा प्रश्नच येत नाही, ते पूर्ण मॅच उभे असतात.

पाठीवरची पिशवी मुळीच आणू नका. आत काय नेता येतं याचे नियम बदलत असतात, ते निघायच्या आदल्या दिवशी क्रीडा विभागाच्या पानावर बघा. दारू स्टेडियमच्या आत २०२४ पासून विकतात.

बाहेरून स्टेडियम एवढं बुटकं का दिसतं?

हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो, आणि मला तो फार आवडतो. ‘हेच का ते?’ असं म्हणत लोक फाटकातून आत शिरतात आणि एकदम गप्प होतात. कारण स्टेडियमचा बहुतेक भाग जमिनीच्या खाली आहे. तुम्ही रस्त्याच्या पातळीवरून आत जाता आणि पायाशी वाडग्यासारखी खोल दरी उघडते, तळाशी हिरवं मैदान, आणि चारी बाजूंना माणसंच माणसं.

हे योस्टसाहेबांचं डोकं. १९२७ मध्ये स्टेडियम उघडलं तेव्हा बाकड्यांवर ७२ हजारांची सोय होती, पण पुढे लाखाच्या वर जाता येईल असा पाया त्यांनी आधीच घालून ठेवला होता. पहिली मॅच १ ऑक्टोबर १९२७, ओहायो वेस्लियनविरुद्ध, ३३-०. क्षमतेचा आकडा एकाने का संपतो यामागेही कहाणी आहे: तो जास्तीचा एक म्हणजे जुने प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर यांची जागा. ती कुठली, हे कुणी सांगत नाही. मुलांना सांगा, ‘शोधून काढा’, अर्धा तास जातो.

मॅचच्या आधी काय चुकवू नये?

बँड. चेंडूच्या आधी बँड. हूव्हर स्ट्रीटवरच्या रेव्हेली हॉलपाशी मॅचआधी ढोलवाल्यांचा सराव चालतो, मग सगळा ताफा वाजवत स्टेडियमकडे निघतो. ढोल-ताशा पथकाच्या मागे धावलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागणार नाही. आत आल्यावर बँडचा म्होरक्या पाठ मागे वाकवत वाकवत डोकं जमिनीला टेकवतो. ते झालं की गर्दी जो आवाज करते, तो ऐकायला तरी जागेवर वेळेत बसा. त्यानंतर खेळाडू बोगद्यातून धावत येऊन निळ्या फलकाला उडी मारून हात लावतात. त्यांच्या शिरस्त्राणांवरचे पंख बघा, ते १९३८ पासूनचे, क्रिसलर यांनीच आणलेले. विजयगीत त्याहून जुनं, १८९८ चं, शिकागोला हरवल्यावर लुई एल्बेल या विद्यार्थ्याने रचलेलं. मूठ कुठे उंचवायची ते शेजारच्याकडे बघून पाच मिनिटांत येतं.

कॅम्पसमध्ये काय बघावं?

शुक्रवारी दुपारी बघा, शनिवारी नको. विद्यापीठ १८१७ मध्ये डेट्रॉइटला सुरू झालं आणि १८३७ ला इथे आलं. मधोमध ‘डायॅग’ नावाचं मैदान आहे, त्यात जमिनीत पितळी ‘एम’ बसवलेला आहे. पहिली परीक्षा होण्याआधी त्यावर पाय पडला तर नापास, अशी समजूत. पुण्या-मुंबईची इंजिनिअरिंगची मुलं, जी एरवी कशावर विश्वास ठेवत नाहीत, तीसुद्धा वळसा घालून जातात. मिशिगन स्टेटच्या मॅचच्या आठवड्यात विद्यार्थी रात्रभर त्यावर पहारा देतात, कुणी येऊन हिरवा रंग फासू नये म्हणून.

तिथून कायद्याच्या कॉलेजचं ‘लॉ क्वाड’ हे दगडी आवार, मग मिशिगन युनियन या विद्यार्थ्यांच्या इमारतीच्या पायऱ्या. १४ ऑक्टोबर १९६० च्या पहाटे दोन वाजता केनेडींनी याच पायऱ्यांवरून विद्यार्थ्यांसमोर पीस कोअरची, म्हणजे अमेरिकी तरुणांनी परदेशात जाऊन सेवा करण्याची कल्पना मांडली. पाटी आहे. जवळच एका कोपऱ्यावर उभा केलेला मोठा काळा घन आहे, तो ढकलला की फिरतो. मुलं तिथून हलत नाहीत. बर्टन टॉवरच्या घंटा ऐकू आल्या तर लक्षात ठेवा, त्या विद्यापीठाचे पहिले क्रीडा संचालक चार्ल्स बेअर्ड यांनी दिलेल्या. म्हणजे गावाच्या घड्याळातही खेळच आहे.

शाकाहारी माणसाची सोय होईल का?

स्टेडियमच्या आत फारशी नाही. प्रेट्झेल, नाचोज, पॉपकॉर्न. गावात भरपूर. शनिवारी सकाळी केरीटाउनला शेतकरी बाजार भरतो, सफरचंदं आणि गरम सायडर डोनट घ्या. त्याच्या जवळच झिंगरमन्स नावाचं सँडविचचं दुकान आहे, १९८२ पासूनचं. महाग आहे, रांग असते, आणि तरीही सगळे जातात. पावासाठी मीही जाते. बर्गर खाणाऱ्यांसाठी ब्लिम्पी बर्गर आहे, १९५३ पासून. तिथे ऑर्डर द्यायची एक ठरावीक रीत आहे, ती चुकली तर ओरडा खावा लागतो आणि लोक त्यासाठीच जातात. पुण्याच्या माणसाला घरच्यासारखं वाटेल.

आईबाबांना आणि लहान मुलांना आणावं का?

आणा. फाटक रस्त्याच्या पातळीवर असल्यामुळे वरच्या रांगांत जागा घेतली तर पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. मात्र खालच्या रांगेचं तिकीट काढलं असेल तर खाली जाताना सोपं वाटतं आणि परत येताना सत्तरेक पायऱ्या मोजाव्या लागतात. गुडघ्यांचं दुखणं असेल तर वरच्याच रांगा घ्या. चाकाच्या खुर्चीसाठी वरच्या कडेला जागा आहेत. लहान मुलांच्या कानांवर आवाज कमी करणारे हेडफोन हवेतच. मुलांना मेन स्ट्रीटवर दुकानांच्या भिंतींच्या तळाशी असलेली परीची चिमुकली दारंही दाखवा.

फुटबॉलचा मोसम नसताना आलो तर?

दीक्षान्त समारंभाला येणारे मराठी आईबाबा हेच विचारतात. खरं तर तोही याच स्टेडियममध्ये होतो, एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला, म्हणजे स्टेडियम तुम्ही बघालच. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी २२ मे १९६४ ला गरिबी आणि वर्णभेद हटवण्याच्या ‘ग्रेट सोसायटी’चं भाषण इथल्याच दीक्षान्त समारंभात केलं, ओबामा २०१० मध्ये आले होते. हिवाळ्यात आलात तर योस्ट अरीनात बर्फावरची हॉकी बघा. इमारत १९२३ ची, लहान, कोंदट, आणि आवाज असा की छत उडेल. मला विचाराल तर बास्केटबॉलपेक्षा ही बरी.

पण खेळाची खरी ओढ असेल तर फेरी फील्डवर जा. फारसं कुणी जात नाही. २५ मे १९३५ ला या मैदानावर धावपटू जेसी ओवेन्सने पाऊण तासात तीन जागतिक विक्रम मोडले आणि चौथ्याची बरोबरी केली. थोड्याच दिवसांपूर्वी जिन्यावरून पडून त्याची पाठ दुखावली होती. लांब उडी त्याने एकच मारली, ८.१३ मीटर. ती पंचवीस वर्षं कुणाला ओलांडता आली नाही. ज्यासाठी जग त्याला ओळखतं ते बर्लिनचं ऑलिंपिक त्याच्या पुढच्या वर्षीचं. आणि हा माणूस होता ओहायो स्टेटचा. त्याच्या नावाची पाटी मिशिगनच्या मैदानावर आहे, आणि तिच्यावरचं ‘ओहायो’ कुणी खोडलेलं नाही.

जेराल्ड फोर्ड यांचं संग्रहालय बघायचं असेल तर गोंधळू नका. इथे नॉर्थ कॅम्पसवर आहे ते ग्रंथालय. संग्रहालय ग्रँड रॅपिड्सला, गाडीने दोन तास.

मॅच संपल्यावर लगेच निघावं का?

अजिबात नाही. एक लाख माणसं एकाच वेळी निघतात, हायवेवर मुंगीच्या गतीने जाल. बँड पुन्हा मैदानात येतो, तो ऐकत बसा. मग चालत वॉश्टनॉ डेअरीला जा, मॅडिसन आणि अ‍ॅशली रस्त्यांच्या कोपऱ्यावर, १९३४ पासून आइसक्रीम विकतात आणि एक स्कूप मागितला तर दोनाएवढा देतात. लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून खातात, पिवळ्या जर्सीवर चॉकलेट सांडतात. मिशिगन हरलं असलं तरी रांग तेवढीच असते, फक्त आवाज कमी.